दसऱ्याची येळवणीची आमटी आणि दुपारची जंबू सवारी: काय, किती आणि कोणत्या क्रमानं

दसऱ्याच्या दुपारी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास फसतात. टीव्हीवर म्हैसूरची जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, निघते तेव्हा घरातलं कोणीतरी अजून मिक्सरपाशी उभं असतं. आणि पुरणपोळीबरोबर वाटीत येणारी आमटी एक तर पिठल्यासारखी घट्ट असते, नाहीतर नुसतं तिखट पाणी.

दोन्हींचं मूळ एकच आहे. येळवणी, म्हणजे पुरणाची शिजलेली डाळ येळून (निथळून) निघालेला कट, हे आपण उरलेलं पाणी समजतो. डाळ शिजली, वर जे राहिलं त्याची आमटी, असा हिशेब. मग किती राहील आणि कसं राहील याचा भरवसा नसतो, आणि सगळी दुरुस्ती ऐन जेवणाच्या वेळी करावी लागते. आपले कानडी शेजारी याच पदार्थाला कट्टिन सारू म्हणतात, आणि त्यांच्याकडेही तो फसतो तो याच कारणानं. आधी आमटी किती हवी ते ठरवायचं आणि त्यावरून डाळीत पाणी घालायचं.

खालची मापं आठ माणसांची आहेत: माणशी तीन पोळ्या आणि पाव लिटर आमटी. चमचा म्हणजे चहाचा. मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट.

१. अष्टमीची संध्याकाळ: बाजार, मसाला, वाटण

हे काम नवमीवर ढकलू नका. खंडेनवमीला बऱ्याच घरांत विळी, सुरी, खलबत्ता पूजेत मांडले जातात आणि दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. हल्ली मिक्सरलाही हळदकुंकू लागतं. तुमच्या घरात तशी पद्धत नसेल तर हे नवमीला केलं तरी चालेल, पण दसऱ्याच्या सकाळी मात्र नको.

आणायचं आणि मोजून ठेवायचं ते असं:

- हरभऱ्याची डाळ ७५० ग्रॅम (पुरणासाठी गूळ तेवढाच, वेगळा)
- सुकं खोबरं ५० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी
- धणे २ मोठे चमचे, जिरे १ चमचा, पांढरे तीळ १ मोठा चमचा, खसखस १ चमचा
- काळी मिरी ८, लवंगा ४, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मसाला वेलची १, तमालपत्र १, चिमूटभर दगडफूल
- ब्याडगी मिरच्या ६, संकेश्वरी ३
- कांदे २ मध्यम, लसूण १० पाकळ्या, आलं पेरभर
- चिंच लिंबाएवढी (३० ग्रॅम), आमटीसाठी गूळ ४० ग्रॅम
- तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, कोथिंबीर, मीठ

मिरचीबद्दल थोडं सविस्तर, कारण आमटीचा रंग आणि तिखटपणा इथेच ठरतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. ब्याडगीची साल सुरकुतलेली असते आणि ती बऱ्यापैकी सौम्य असते. संकेश्वरी लांब, बारीक आणि झोंबरी. नुसती संकेश्वरी घातली तर रंग येईपर्यंत आमटी पोरांच्या तोंडाबाहेर जाते. नुसती ब्याडगी घातली तर आमटी लालभडक दिसते पण पुरणाच्या गोडापुढे उभी राहत नाही. दोनास एक हे प्रमाण चुकत नाही. लहान मुलं जास्त असतील तर संकेश्वरी दोनच घ्या, पण ब्याडगी कमी करू नका.

घरात वर्षाची कांदा-लसूण चटणी असेल तर ती वापरायला हरकत नाही, फक्त नैवेद्याच्या आमटीत ती जाणार नाही. शिवाय तिच्यात मीठ असतं. वापरलीत तर मीठ अर्ध्या चमच्यानं कमी धरा आणि मिरच्या निम्म्या करा.

भाजणं प्रत्येक जिन्नसाचं वेगळं. एका कढईत सगळं एकदम टाकलं की खसखस जळते तेव्हा धणे कच्चेच असतात. क्रम असा ठेवा: मंद आचेवर धणे आणि खडा मसाला, मग जिरे, मग तीळ, मग खोबऱ्याचे पातळ काप, मग थेंबभर तेलावर मिरच्या, आणि गॅस बंद करून गरम कढईतच खसखस. खोबरं बदामी झालं की काढा. ते कढईबाहेरही थोडा वेळ रंग बदलत राहतं.

⚠ खोबरं काळं पडलं तर टाकून द्या आणि नवीन भाजा. जळक्या खोबऱ्याचा कडवटपणा गुळानं झाकत नाही, उलट गोडाखाली तो जास्त जाणवतो.

सगळं पूर्ण गार झाल्यावर दळा. कोमट असताना दळलं की खोबऱ्याला तेल सुटतं, भांड्याच्या तळाशी गोळा बसतो आणि मिरचीचे तुकडे तसेच राहतात. आधी धणे, खडा मसाला, जिरे, मिरच्या बारीक करा. मग खोबरं, तीळ, खसखस घालून थांबत थांबत फिरवा. हा झाला कोरडा मसाला: कांदा नाही, लसूण नाही, पाणी नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

त्याच संध्याकाळी कांदे पातळ चिरून दोन मोठे चमचे तेलावर तांबूस परता, शेवटी लसूण-आलं घालून दोन मिनिटं, गार करून पाणी न घालता वाटा आणि स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवस नीट राहतं. कच्चा कांदा वाटून ठेवू नका. तो रात्रीतच उग्र आणि कडसर होतो.

तपासणी: चिमूटभर कोरडा मसाला जिभेवर ठेवा. धण्याचा कच्चा वास येत असेल तर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परत परता.

२. नवमीची रात्र: टीव्ही लावून बघा

जंबू सवारीचं थेट प्रक्षेपण दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर असतं. आपल्याकडे वर्षभर मराठी वाहिन्या लागत असतात, त्यामुळे चंदना कितव्या नंबरवर आहे हे ऐनवेळी कोणालाच आठवत नाही. नंबर आज शोधा, कागदावर लिहून टीव्हीला चिकटवा. मोफत डिशवाल्यांनी वाहिन्या नव्यानं शोधून घ्याव्यात, कारण मधूनमधून जागा बदलतात. मोबाइल जोडून बघणार असाल तर चंदनाचं यूट्यूब प्रक्षेपण उघडतं का तेही आजच बघा.

वेळ दरवर्षी मुहूर्तानुसार बदलते. ढोबळ चित्र असं: राजवाड्याच्या बलराम दरवाज्यासमोर नंदीध्वजाची (उंच सजवलेल्या ध्वजकाठीची) पूजा दुपारी एक ते अडीचच्या मध्ये कधीतरी. मग जिल्ह्याजिल्ह्यांचे चित्ररथ आणि लोककलांची पथकं. आणि चारच्या पुढे, पाचच्या आसपास, सोन्याच्या अंबारीतल्या चामुंडेश्वरीवर मुख्यमंत्र्यांच्या हस्ते फुलं उधळली जातात. त्या वर्षीचे नेमके मुहूर्त आदल्या दिवशीच्या पेपरात येतात. ते बघून खालच्या वेळा पुढेमागे करा. खाली नंदीध्वज एक वाजता धरला आहे, म्हणजे सगळ्यात लवकरचा प्रसंग.

समालोचन कानडीत असतं. गल्लीतल्या पोरांना ते सहज कळतं. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना एवढे शब्द पुरतात: आने म्हणजे हत्ती, गजपडे म्हणजे हत्तींचा ताफा, कुमकी आने म्हणजे अंबारीच्या हत्तीच्या बाजूनं चालणारे हत्ती, स्तब्धचित्र म्हणजे चित्ररथ, पुष्पार्चने म्हणजे तो फुलं उधळण्याचा क्षण. समालोचक हा शेवटचा शब्द वारंवार म्हणायला लागला की आत हाक मारायची.

३. दसरा, सकाळी ८: डाळ भिजत, मग शिजत

डाळ तीन पाण्यांनी धुऊन तासभर भिजवा. जास्त नको. तीन-चार तास भिजलेली डाळ शिजताना एकदम फुटते, मग पुरण सैल होतं आणि कट गढूळ. भिजवलेलं पाणी फेकून द्या, ते येळवणीत घेऊ नका.

पाणी नळाचं घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर डाळ कितीही उकळली तरी गाभा कडक राहतो. पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ होत नाही. यावर उपाय म्हणून खाण्याचा सोडा घालणारे बरेच आहेत. कृपा करून घालू नका; डाळ शिजते खरी, पण कट बुळबुळीत होतो आणि आमटीला साबणासारखी चव राहते.

आता पाण्याचं माप. ७५० ग्रॅम डाळ शिजताना जवळपास लिटरभर पाणी स्वतः पिते. आपल्याला हातात दीड लिटर कट हवा. म्हणून:

उघड्या पातेल्यात शिजवायची असेल तर साडेतीन लिटर पाणी. एक लिटर डाळीत जातं, थोडं वाफेत जातं, बाकी आपलं.

कुकरमध्ये शिजवायची असेल तर अडीच लिटर, आणि कुकर साडेसात लिटरचा किंवा मोठा. डाळ फेसाळते, म्हणून डाळ-पाणी मिळून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. लहान कुकर असेल तर दोन खेपा करा.

आमचा कौल उघड्या पातेल्याला. वेळ जास्त लागतो, पण डाळ बोटानं दाबून बघता येते आणि कट नितळ मिळतो. कुकरमध्ये डाळ आत फुटली की कळायला मार्ग नाही.

पाणी उकळलं की डाळ, अर्धा चमचा हळद आणि चमचाभर तेल. तेलानं फेस आवरतो. वर आलेला पांढरा फेस पहिल्या दहा मिनिटांत पळीनं काढून टाका. मीठ इथे घालायचं नाही, ही डाळ पुरणात जाणार आहे. पातेल्यात ४५ ते ६० मिनिटं लागतात. कुकरला मध्यम आचेवर तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पाच मिनिटं. कुकरची वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की डाळ उसळून फुटते.

तपासणी: डाळीचा एक दाणा दोन बोटांत दाबा. मऊ चुरला पाहिजे, पण दाबण्याआधी अख्खा दिसला पाहिजे. दाबल्यावर मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून दहा मिनिटं. दाणा उचलतानाच विरघळत असेल तर लगेच येळा.

४. साधारण १०: येळणं

मोठ्या पातेल्यावर रोळी किंवा बारीक भोकांची चाळण ठेवा आणि डाळ ओता. पंधरा ते वीस मिनिटं तशीच राहू द्या. मध्ये एकदा चाळण हलवली तर चालतं. पळीनं दाबून पाणी काढू नका, दाबलेली डाळ भोकांतून खाली उतरते.

हे झालं की गूळ घालण्याआधी शिजलेल्या डाळीतले चार मोठे चमचे बाजूला काढा आणि घोटून ठेवा. ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. आमटीला जो अंगचा दाटपणा हवा तो या घोटलेल्या डाळीनं येतो. डाळ काढायची राहिली आणि पुरण शिजलं तर दोन मोठे चमचे पुरणच कटात कालवा आणि पुढे आमटीचा गूळ पूर्ण वगळा.

आता कट मापून घ्या. खरोखर मापा, अंदाज नको.

दीड लिटर आला तर त्यात अर्धा लिटर गरम पाणी. लिटरभरच आला तर लिटरभर गरम पाणी आणि घोटलेली डाळ चारऐवजी सहा मोठे चमचे. दोन लिटर आला तर पाणी अजिबात नको. एकूण दोन लिटर हे माप पक्कं; मसाला, मीठ, चिंच सगळं त्याच्याच हिशेबात आहे.

⚠ कट झाकून तासन् तास ठेवू नका. डाळीचा कोमट कट ऑक्टोबरच्या उकाड्यात फार लवकर आंबतो. लगेच आमटी टाकणार नसाल तर एक उकळी आणून, उघडा गार करून फ्रीजमध्ये.

इथून दोन शेगड्या दोन माणसांकडे. एकाकडे पुरण, दुसऱ्याकडे आमटी. एकाच माणसानं दोन्ही करायला घेतलं की पुरण तळाला लागतं, कारण त्याला सतत हलवावं लागतं.

५. साडेदहा: फोडणी आणि पहिली उकळी

भांडं जाड बुडाचं, किमान चार लिटरचं. पितळी पातेलं वापरणार असाल तर आतली कल्हई शाबूत आहे का बघा. कल्हई उडालेल्या पितळेत चिंच पडली की धातू अन्नात उतरतो. मळमळ, उलट्या होऊ शकतात. शंका असेल तर सरळ स्टील घ्या.

तीन मोठे चमचे तेल तापवा. एक चमचा मोहरी तडतडली की अर्धा चमचा जिरे, पाव चमचा हिंग, दहा-बारा कढीपत्त्याची पानं. आता गॅस बंद करा, दहापर्यंत मोजा, मग चार मोठे चमचे कोरडा मसाला. धगधगत्या तेलात मसाला टाकला की दोन सेकंदांत करपतो आणि वर जी लाल तर्री यायला हवी ती तपकिरी येते. मसाला तेलात मिसळला की गॅस मंद सुरू करा, अर्धा मिनिट परता आणि वाटीभर कट घाला. तेल कडेनं सुटायला लागलं की बाकीचा कट, घोटलेली डाळ आणि अडीच चमचे मीठ.

मोठ्या आचेवर उकळी येईपर्यंत पळीनं तळ खरवडत राहा. डाळीचा साका खाली बसतो आणि लागतो. उकळी आल्यावर आच मंद करा आणि पंधरा मिनिटं उघडंच उकळू द्या. झाकण ठेवलं तर उतू जाते. येळवणी दुधासारखीच फसवी आहे, पाठ फिरली की शेगडीवर.

पंधरा मिनिटांनी चिंचेचा कोळ. चिंच सकाळीच वाटीभर गरम पाण्यात भिजवून, कोळून, गाळून ठेवलेली असावी. आधी अर्धाच कोळ घाला, आठ मिनिटं उकळू द्या, मग चव घ्या. चिंचेचा कच्चेपणा जायला तेवढा वेळ लागतो. घातल्या घातल्या चाखून ‘आंबट कमी आहे’ म्हणून उरलेला कोळ ओतणं ही नेहमीची चूक. शेवटी गूळ: पुरण खूप गोड असेल तर अर्धाच.

तपासणी: पळीतून आमटी सोडली की धार तुटू नये आणि पळीच्या पाठीवर पातळ थर राहावा. आत्ता ती हवी त्यापेक्षा थोडी पातळच दिसली पाहिजे. जेवायला बसेपर्यंत ती नक्की दाटते.

६. सव्वाअकरा: नैवेद्य काढा, मगच वाटण

नैवेद्यापुरती आमटी आत्ता वाटीत काढून झाका. कांदा-लसूण न खाणारं कोणी घरात असेल तर त्यांचंही आत्ताच वेगळं भांड्यात काढा. नंतर ‘थोडंसंच तर पडलंय’ याला अर्थ नसतो.

मग लहान कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात फ्रीजमधलं कांदा-लसणाचं वाटण. ते मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता, तेल वेगळं दिसेपर्यंत. आणखी रंग हवा असेल तर गॅस बंद करून अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट. हे सगळं उकळत्या आमटीत ओता, दहा मिनिटं मंद उकळा, कोथिंबीर हातानं तोडून घाला, गॅस बंद. वाटण न परतता थेट आमटीत कालवलं तर कांदा वर तरंगतो आणि तर्री येत नाही.

यानंतर आमटीला हात लावायचा नाही. पाऊण तास मुरू द्या. या वेळात शेगडी पोळ्यांची.

७. बिघडलीच तर

घट्ट झाली: उकळतं पाणी घाला, एका वेळी एकच वाटी, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटं उकळा. गार पाणी घातलं तर साका आणि पाणी वेगवेगळे दिसतात. पाणी वाढलं की मीठ परत चाखा.

पातळ झाली: बेसन लावू नका, आमटीचं पिठलं होतं. दोन चमचे शिजलेली डाळ घोटून घाला. डाळ शिल्लक नसेल तर भाजलेल्या तिळाचा कूट एक चमचा, आणि मोठ्या आचेवर पाच मिनिटं आटवा.

खारट: बटाट्याचे काप टाकून काही होत नाही, तो थोडं खारट पाणी पितो इतकंच. बिनमिठाचा कट किंवा गरम पाणी वाढवा आणि वरून चिमूट कोरडा मसाला.

तिखट: गूळ आणि चिंच दोन्ही थोडं थोडं वाढवा. नुसता गूळ वाढवला की आमटी गुळमट होते आणि पोळीबरोबर खाववत नाही. गोडाला गोड लागलं की जीभ बधिर होते.

कडू: कारण शोधा. खोबरं किंवा मसाला करपला असेल तर उपाय नाही. नैवेद्याची वाटी चांगली असेल तर दोष नंतरच्या वाटणात आहे, म्हणजे लसूण जळला.

८. पाऊणला: ताटं आणि हत्ती

साडेबाराला नैवेद्य. पावणेएकला आमटी मंद आचेवर गरम करायला ठेवा, उकळी फुटताना बंद करा. एकच्या ठोक्याला पंगत.

टीव्हीसमोर जेवायला कोणाची ना नाही, पण आमटीची वाटी मांडीवरच्या ताटात नको. वर तेलाचा थर असल्यानं ती आत बराच वेळ गरम राहते, आणि पोरं हत्ती दिसला की उडी मारतात. पाट, चौरंग किंवा ठोकळा घ्या, लहानांना अर्धीच वाटी वाढा. पातेलं टीव्हीच्या खोलीत आणू नका. वायर, पाय आणि चार लिटरचं पातेलं एकत्र असू नये.

वाढण्यापूर्वी पळीनं तळापासून एकदा ढवळा. न ढवळता वाढलं की पहिल्या चौघांना तर्री आणि शेवटच्यांना साका.

पोळी आमटीत बुडवायची की दुधा-तुपात, हा वाद प्रत्येक घराचा आपला. भाताच्या वेळी मात्र एकमत असतं: साधा भात, वर गरम आमटी, कुरडई. माणशी एक वाटी आमटी भातासाठी राखून ठेवा, नाहीतर पोळीतच संपते.

नंदीध्वजाची पूजा जेवताना दिसते. पुढचे तीन-चार तास चित्ररथांचे, डोळ्ळु कुणितासारख्या ढोलनाचाच्या पथकांचे. आपल्या जिल्ह्याचा चित्ररथ कधी येतो याकडे पोरांना लक्ष ठेवायला सांगा. झाकपाक, भांडी, उरलेल्या आमटीची व्यवस्था याच वेळात उरका. कारण अंबारी येते ती सगळ्यात शेवटी. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी घेऊन हत्ती मांडवासमोर थांबतो, फुलं पडतात, तोफांचे २१ बार होतात आणि मिरवणूक बन्नीमंटपाकडे साधारण पाच किलोमीटरच्या वाटेला लागते. २०२० ते २०२५ या वर्षांत अंबारी वाहिली ती अभिमन्यू हत्तीनं. हा भाग वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, आणि घासणीवर उभ्या असलेल्या माणसाचा नेमका तोच चुकतो. म्हणून मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी नळ बंद.

९. सीमोल्लंघनाला निघण्याआधी

उरलेली आमटी पुन्हा खळखळून उकळा, उघडी ठेवून गार होऊ द्या, मग फ्रीजमध्ये. सोनं वाटायला गल्लीत गेलं की परत यायला रात्रच होते. मराठी घरात ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’, कानडी घरात ‘बन्नी तगोंडू बंगारधांग इरोण’, आणि प्रत्येक दारात दहा मिनिटं. तोवर ओट्यावर झाकून ठेवलेल्या आमटीवर बुडबुडे आलेले असतात. असे बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या.

पितळी पातेल्यात आमटी रात्रभर ठेवू नका, कल्हई असली तरी.

परत आल्यावर टीव्ही लावायचा असेल तर बन्नीमंटपाच्या मैदानावरचं मशालींचं संचलन चंदनावरच लागतं. कानडीत त्याला पंजिन कवायतू म्हणतात. रात्री आमटी गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, कारण फ्रीजमध्ये ती जवळजवळ थिजते. जेवढी खायची तेवढीच काढून गरम करा. दुसऱ्या दिवशी ती भाकरीबरोबर पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, तिसऱ्या दिवशी मात्र ठेवू नका.